चुंबकाला न चिकटणारे बोल्ट

सुखदेवरावांची आणि आमची पहिली ओळख एका अडकलेल्या नटामुळे झाली. त्यांच्या साठीच्या या गौरवग्रंथात जाणकार मंडळी त्यांच्या कारागिरीवर लिहितीलच. मी मॅट्रिक झालेली गृहिणी, माझ्या अनुभवापुरतेच सांगते.

आमचे हे पारशिवनीच्या गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. रोजचे जाणे-येणे मोटारसायकलने, आणि दर पावसाळ्यात तिचे बोल्ट गंजायचे. त्या वर्षी दसऱ्याच्या पूजेला गाडी लखलखीत असावी असे मला वाटले. घरात पितळ जाऊन स्टील आल्यापासून चिंच लावून घासणे सुटले होते; मग गाडीलाही स्टील का नको? इतवारीच्या बाजारात स्टीलची भांडी घेताना आम्ही बायका चुंबक लावून पाहतो. चिकटले तर माल हलका, नाही तर अस्सल. तसेच चुंबक लावून मी बोल्ट निवडून आणले. मग अंगणात बसून जुन्या बोल्टांना चुंबक लावायचे, चिकटला की तो काढून नवा बसवायचा, असा सपाटा लावला. पाना ह्यांच्या हातात. शेवटी मडगार्डचा एक नट अर्ध्यातच असा बसला की पुढे जाईना, मागे येईना.

गाडीची पूजा तशीच उरकली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे सुखदेवरावांच्या गॅरेजात गेलो. ह्यांना तिथूनच कामावर निघायचे होते. सुखदेवरावांनी नट पाहिला, खाली बसून मागचे चाक पाहिले आणि गाडीची चावी काढून स्वतःच्या खिशात टाकली.

“अहो मिस्त्री, चावी काहून काढली? मले पारशिवनीले जायचं आहे!”

“बसनं जा, साहेब. ह्या ब्रेकवर मी तुम्हाले गल्लीच्या टोकापर्यंत नाही जाऊ देत.”

मागच्या ब्रेकची पट्टी धरणारा बोल्टही आम्ही बदलला होता. ब्रेक दाबला की चाकाचा सारा जोर त्या एका बोल्टवर येतो, आणि आमचा चकचकीत बोल्ट तेवढ्या ताकदीचा नव्हता. हे सांगून सुखदेवरावांनी विचारले,

“हे निवडले कोणं?”

“मी. चुंबक लावून.”

सुखदेवराव हसले. “वहिनी, पातेल्यावर कोणी ब्रेक मारते का? तुमचं चुंबक गंजाचं सांगते, जोराचं नाही सांगत.”

हे माझ्यावर उखडले. “ते चुंबक आधी विहिरीत टाक!”

“अन् पाना कोणाच्या हातात होता, साहेब?” सुखदेवरावांनी विचारले. हे बस गाठायला गेले.

मी काही फेकत नाही, त्यामुळे जुने बोल्ट डब्यात होते. घरून तो डबा घेऊन आले. डोक्यावर ८.८ कोरलेले, मजबूत लोखंडाचे बोल्ट सुखदेवरावांनी वेगळे केले. त्यातलेही आटे झिजलेले बाद करून त्याच ताकदीचे नवे घातले. स्टीलचे बोल्ट नंबरप्लेटला, मडगार्डला, हेडलाइटला राहिले. “स्टीलवर स्टील कोरडं घासलं का धरून बसते, वहिनी,” अडकलेला नट कापून काढत ते म्हणाले. आट्यांना बोटभर ग्रीस लावा, आधी हाताने फिरवा, मग पाना लावा, तोही सावकाश. मडगार्डचे तीन बोल्ट त्यांनी माझ्याकडूनच बसवून घेतले. संध्याकाळी गाडी स्वतः घरी आणून दिली आणि चहा घेतल्याशिवाय गेले नाहीत, तेवढ्यात ह्यांचा रागही निवला.

पुढे त्यांच्या भिंतीवर दोन डबे आले: एकावर ‘दिसायचे’, दुसऱ्यावर ‘धरायचे’. एकदा वाडीच्या गोदामातला एक तरुण सगळीकडे चमकणारेच बोल्ट हवेत म्हणून अडून बसला. “पैसे मी देऊन राहिलो, तुमचं काय जाते?”

“माझं काही नाही जात गा, तुझंच जाते.”

तो रागाने निघून गेला. सुखदेवरावांनी त्याला थांबवले नाही. आठवडाभराने तोच ‘धरायचे’ डब्यातले बोल्ट बसवून घ्यायला स्वतःच्या गाडीसोबत भावाची गाडीही घेऊन आला.

त्या दसऱ्यानंतर किती पावसाळे गेले. हे अजून त्याच रस्त्याने जातात आणि सुखरूप परततात. दिवेलागणीला देवापुढे मी बाहेर गेलेल्या घरच्या माणसांची नावे घेते. त्यात सुखदेवरावांचेही नाव असते, हे त्यांना आज पहिल्यांदाच कळेल. त्यांची नजर अशीच तीक्ष्ण राहो, खाली बसताना गुडघे न कुरकुरोत, शंभरीपर्यंत पाना त्यांच्या हातात शोभो. आणि सगळ्यांना वेळेवर घरी धाडणारे हे गृहस्थ स्वतःही रोज वेळेवर घरी जेवायला जावोत, एवढेच देवाजवळ मागणे.