जुळणारा नंबर

फ्लोमार्क्टमधला, म्हणजे इथल्या जर्मन जुन्या बाजारातला, हा म्हातारा जुन्या लष्करी रायफलींचे सुटे भाग विकतो. त्याला कितीही बोला, तो मान डोलावून 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणतो. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

माझ्या रायफलीच्या दस्त्याची लोखंडी पाटी हवी होती. पाटीवर रायफलीचाच नंबर असेल, तरच संग्राहक तिला अस्सल मानतात. मी नंबर सांगितला. पुढच्या बाजाराला नेमकी तीच पाटी हजर.

"नशीबवान आहात," म्हातारा म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदा मी घासाघीस केली नाही. घरी पाहिलं, तर सांगताना माझेच दोन आकडे उलटे झाले होते आणि पाटीवरही ते तसेच उलटे होते.

मी पाटी त्याच्यापुढे आपटली. "हा नंबर तुम्हीच ठोकलात."

"गेनाऊ," पाटी पुसत तो म्हणाला. "मग खरा कोणता?"