सिडनीच्या वाटेवरचा मुक्काम

अठरा जानेवारी. पऱ्हाटी उपटत होते. त्या वर्षी बोंडअळीने कापसाचा तिसरा वेचा येऊच दिला नव्हता, म्हणून कपाशीची वाळलेली झाडं काढून रान मोकळं करायचं होतं. चिमट्याने बुंधा धरायचा आणि हिसक्यासरशी मुळासकट ओढायचा. अर्धं रान झालं होतं, तेवढ्यात मुलगी फोन घेऊन बांधावर आली.

तिला सिडनीला कापसाच्या किडींवर शिकायला जागा मिळाली होती. आमच्या तांड्यातून परदेशी जाणारी ती पहिली. तिकीट दुसऱ्या दिवशी काढायचं होतं आणि सासऱ्यांनी अजून होकार दिला नव्हता. त्यांच्या शब्दापुढे घरात कोणी जात नसे. माझा नवरा तर नाहीच.

सासरे बाभळीखाली बसले होते. त्यांचे आजोबा बैलांवर मीठ लादून मुलूखभर हिंडत. मुक्काम कुठे, पाणी कुठे, हे ठरल्याशिवाय बैल हलत नसत. ते बैल कधीच गेले, पण आमच्या घरातून आजही मुक्काम सांगितल्याशिवाय कोणी निघत नाही. बाळंतपणाला एसटीने माहेरी निघाले, तेव्हा मलाही विचारला होता.

“मुक्काम कुठं?” त्यांनी नातीला विचारलं.

“मुक्काम नाही आबाजी. दिल्लीहून थेट सिडनी. दहा हजार किलोमीटर, बारा-साडेबारा तास.”

“मधात कुठंच थांबत नाही? अन् लघवीले?”

“आतच संडास असतो.”

“चालत्या गाडीत!” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “बाई, बैलालेबी मधात पाणी पाजतात. बिनमुक्कामाच्या वाटेनं मी पोरीले नाही धाडत.”

“याडी, सांग न त्याईले!” मुलगी माझ्यावरच चिडली. “विमान काय बैल हाय?”

मी चिमटा खाली ठेवला. “दुसरी वाट हाय का?”

“हैदराबादहून हाय. सिंगापूरपर्यंत चार-साडेचार तास, तिथं विमान बदला, मंग आठ तास. बसून राहायचे तास येगळेच. कायले उगाच?”

आमच्या पांढरकवड्याहून हैदराबादचा रस्ता सरळ आहे. दिल्ली आमच्यापैकी कोणी पाहिलेली नव्हती. शिवाय बसून राहायचं होतं तिला, मला नाही.

“सिंगापूरले पाणी हाय का?” सासऱ्यांनी विचारलं.

“समुद्रच हाय चहूकडून.”

“खारं नको सांगू. प्यायचं.”

“नळ हाय आबाजी, विमानतळावरच.”

त्यांनी काडीने मातीत एक रेघ ओढली. मग म्हणाले, “माह्या आज्याचे बैल हैदराबादहून मागं फिरत. त्याच्या पुढं आपल्यातलं कोणी गेलं नाही. तू तिथूनच पुढं जाय.”

मुलीने खाली वाकून त्यांचे पाय धरले. मला तिचा अभिमान वाटला, आणि म्हाताऱ्याचाही. मग मी चिमटा उचलला आणि हातातली ओळ संपवली.

संध्याकाळी नळावर बायांनी घेरलं. “किती लांब हाय वं ते?”

“एक मुक्काम,” मी म्हटलं.

“बस?”

“बस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला घेऊन पांढरकवड्याला गेले. हैदराबादहून जाणारं तिकीट काढलं, आणि सिंगापूरच्या नळावर भरायला तिला एक स्टीलची बाटली घेऊन दिली.