निताईच्या पान्याची जागा

गाडी बंद पडली म्हणून बाबारावभाऊंकडे गेलेल्या माणसाला आधी त्यांची पेटी बघावी लागे. गाडीची पाळी नंतर. घाई आहे असं सांगून उपयोग नसे. घाईतला माणूस पेटी नीट बघत नाही, असं त्यांचं मत होतं, आणि मग ते पुन्हा पहिल्यापासून दाखवत.

मी आरोग्यसेविका म्हणून आलापल्लीला बदलून आले आणि त्याच आठवड्यात माझी मोपेड बाजारचौकात बंद पडली. ढकलत त्यांच्या टपरीपर्यंत नेली. पन्नाशीचा, सावळा, किडकिडीत माणूस स्टुलावर बसला होता. गळ्यात काळा दोरा, दोऱ्यात किल्ली. मला वाटलं, गाडीला काय झालं ते विचारतील. त्यांनी मला आणि मोपेडला सारखंच न्याहाळलं आणि म्हणाले, "सिस्टर, तुमी नव्या दिसता. पेटी पाह्यली नसंल."

पेटी सागवानाची होती. आमच्याकडे सागवानाची वस्तू दिसली की लाकूड कुठून आलं हा प्रश्न आधी येतो, म्हणून वनखात्याच्या डेपोतल्या लिलावाची पावती झाकणाच्या आतल्या बाजूला डकवलेली होती. आत हिरवा रंग, आणि प्रत्येक हत्याराच्या जागी त्याच्याच आकाराची खाच, भोवती पांढरी रेघ. पाना उचलला तर त्याच्या आकाराची रिकामी जागा मागे उरे. "जागा रिकामी दिसली का समजाचं, पाना कोण्यातरी चोरापाशी हाय," भाऊ म्हणाले. मग त्यांनी पेटी बंद केली आणि दोन्ही हातांनी हलवून दाखवली. आतून काही आवाज आला नाही. "आयका. आवाज आयकू येते का? पेटी उचलली आन आत खडखड झाली, तं ते पेटी नाई, भंगार हाय."

मी आवाज येत नसल्याचं मान्य केलं. तेव्हा कुठे ते उठले आणि मोपेडचा पेट्रोलचा कॉक फिरवला. तो बंद होता. गाडी पहिल्या किकला सुरू झाली. किती द्यायचे म्हणून विचारलं, तर म्हणाले, "पेटी दाखवाचे पैसे नाई घेत मी."

भाऊंना दोन गोष्टींचा गर्व होता. एक पेटीचा आणि दुसरा नजरेचा. रस्त्याच्या पलीकडे उभ्या ट्रकचा नट बघून ते पान्याचा नंबर सांगत आणि तो चुकत नसे. कुणी पैज लावली तर उठतसुद्धा नसत. "जा, लावून पाह्य," एवढंच म्हणत आणि पुढचा चहा त्या माणसाच्या नावावर सांगत.

पाना मात्र ते कुणाला उसना देत नसत. "पोरगी सासरी गेली तं दिवाळीले येते," ते म्हणत, "पाना गेला तं येत नाई." पण ते आडमुठे नव्हते. पाना देत नसत, पान्याबरोबर स्वतः जात. एकदा भामरागडच्या अलीकडच्या एका गावातून एक माडिया आदिवासी गृहस्थ ट्रॅक्टरसाठी मोठा पाना मागायला आला. ट्रॅक्टर त्याचा तोच दुरुस्त करणार होता, त्याला फक्त पाना हवा होता. भाऊ पाना पिशवीत घालून त्याच्याबरोबर एसटीत बसले. तिथे त्या माणसाने ट्रॅक्टर दुरुस्त केला, हे शेजारी बाजेवर बसून राहिले. पावसाने नाल्याला पूर आला, मुक्काम वाढला, गावात एक लग्नही निघालं आणि भाऊ पाना मांडीवर घेऊन पंगतीला बसले. परत आले ते दोन किलो वजन वाढवून. कमलबाई, म्हणजे त्यांची बायको, मला म्हणाल्या, "माह्यासंगं माह्या माहेरी कदी इतके राह्यले नाई."

भाऊंच्या टपरीसमोर, रस्त्याच्या पलीकडे, निताईदांचं गॅरेज होतं. निताईदांचं घराणं मुलचेऱ्याकडच्या बंगाली वस्तीतलं. निर्वासित म्हणून आलेला त्यांचा बाप पूर्वी सीमेपलीकडे नदीतल्या लाँचवर मिस्त्री होता. भाऊ आणि निताईदा, दोघांचं एकमेकांशिवाय चालत नसे आणि दोघे एकमेकांबद्दल बरं बोलत नसत.

सणांच्या बाबतीत मात्र त्यांचा हिशेब पक्का होता. सप्टेंबरात विश्वकर्मा पूजेला निताईदा आपली सगळी हत्यारं धुऊन फळीवर मांडत, सिंदूर लावत, झेंडूच्या माळा घालत. त्या दिवशी हत्याराला कामासाठी हात लावायचा नाही, मग समोर कुणाची गाडी का पेटेना. बाबारावभाऊ बौद्ध. त्यांच्याकडे हत्याराची पूजा नाही. "आपल्यात देवाचं नाई," ते म्हणत, "पुसाचं हाय." त्या दिवशी निताईदांची सगळी गिऱ्हाइकं ते बघत, तीही मुद्दाम रस्त्याच्या कडेला पेटी उघडी टाकून, म्हणजे माळा घातलेल्या पान्यांना दिसावं. दसऱ्याला ते पांढरा शर्ट घालून, किल्ली गळ्यात ठेवूनच, नागपूरला दीक्षाभूमीवर जात. मग त्यांची गिऱ्हाइकं निताईदा बघत. ज्याच्या घरी सण नाही, त्याची पाळी, एवढा साधा करार होता.

भांडण होतं ते एका पान्यावरून. निताईदांच्या बापाने सीमेपलीकडून एकच वस्तू आणली होती. लाँचच्या इंजिनाचा, दोन्ही टोकांना कडी असलेला, लोखंडी रिंग पाना. "घर सोडताना बाकी सगळं राहिलं," निताईदा सांगत. "बाबांच्या हातात हा होता, म्हणून हा आला." तो आलापल्लीतल्या कुठल्याही गाडीच्या कुठल्याही नटाला बसत नसे. तरीही भाऊंना तो हवा होता. त्याशिवाय पेटी पुरी होत नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

निताईदा तो विकत सोडाच, मापालाही देईनात. तेव्हा भाऊंनी रस्त्याच्या अलीकडून बघून, नजरेच्या अंदाजाने, पेटीच्या मधोमध त्या पान्याची खाच कोरून घेतली आणि पांढरी रेघ मारली. ही रिकामी जागा कशाची, असं कुणीही विचारलं की ते मोठ्याने सांगत, "निताईपाशी हाय तो. येईल." पलीकडून निताईदा म्हणत, "येणार नाही." गिऱ्हाइकांना हे पाठ झालं होतं.

पण पाना नाही मिळाला तरी भाऊ सोसत होते. त्यांचं खरं दुखणं वेगळं होतं. अख्खा जिल्हा पेटीची तारीफ करून जाई, आणि ज्याला पान्यातलं कळत होतं तो एकटा निताई काही बोलत नसे. आठवड्यातून एकदा तरी भाऊ पेटी उघडून त्याला बोलावत. निताईदा यायचे, वाकायचे, एकेक कप्पा बघायचे आणि दर वेळी एकच वाक्य बोलायचे, "लाकूड चांगलं आहे."

"लाकूड जंगलचं हाय," भाऊ चिडत. "माहं काय हाय ते सांग."

"लाकूड फार चांगलं," निताईदा म्हणत आणि रस्ता ओलांडून जात.

मग भाऊंना लकवा झाला. उजवी बाजू गेली. चंद्रपूरच्या दवाखान्यातून घरी आणल्यावर बीपी बघायला मी जात असे. खाटेशेजारी पेटी ठेवलेली असे. सकाळी कमलबाई ती उघडत, भाऊ डाव्या हाताच्या बोटाने दाखवत आणि त्या तो पाना पुसून परत ठेवत. बोलणं अडखळत होतं, पण पेटीवरचा त्यांचा विश्वास कमी झाला नव्हता. बीपीचं यंत्र बघून एकदा म्हणाले, "याले पेटी नाई का?" मी कापडी पिशवी दाखवली. त्यांनी तोंड फिरवलं.

निताईदा रोज संध्याकाळी गॅरेज बंद करून येत. पेटी उघडली जाई. भाऊ वाट पाहत. निताईदा बघून म्हणत, "लाकूड चांगलं आहे," आणि भाऊ डाव्या हाताने त्यांना दाराचा रस्ता दाखवत. मला राग आला. एक दिवस बाहेर गाठून मी त्यांना म्हटलं, "निताईदा, अहो, आता तरी सांगून टाका की. तुमचं काय जातं?"

ते चप्पल घालता घालता थांबले. "सिस्टर," ते म्हणाले, "आज सांगितलं, तर उद्या तो वाट कशाची बघणार?"

भाऊ मार्चपर्यंत वाट बघत राहिले आणि एका दुपारी झोपेतच गेले. वस्तीतल्या विहारापुढून अंत्ययात्रा निघाली, तेव्हा निताईदा गॅरेज बंद करून सगळ्यात मागून चालत होते. मला भाऊंसाठी रडू आलं ते तिथे नाही. परतताना टपरीसमोर रिकामं स्टूल दिसलं तेव्हा आलं.

पुढे कमलबाई मुलीकडे भद्रावतीला राहायला जायला निघाल्या. त्यांनी पेटी हातगाडीवर घालून निताईदांकडे आणली आणि किल्ली त्यांच्या हातात दिली. "वापराले नाई देऊन राह्यली," त्या म्हणाल्या. "पुसाले देऊन राह्यली." निताईदांनी किल्ली गळ्यात घातली.

त्याच वर्षी, विश्वकर्मा पूजेच्या दिवशी, लसींचा डबा घेऊन मी मुलचेऱ्याकडे निघाले होते आणि गॅरेजच्या थोडं पुढे मोपेडची चेन निसटून चाकात अडकली. डब्यात बर्फ होता तेवढ्यातच पोचायला हवं होतं, गावात आया बाळं घेऊन बसलेल्या असणार. मी गाडी ओढत निताईदांकडे आणली. फळीवर पाने मांडलेले, सिंदूर, झेंडू, अगरबत्ती. निताईदा धूतवस्त्र नेसून बसले होते.

"आज हात लावायचा नाही, सिस्टर," ते म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. सवयीने ते रस्त्याच्या पलीकडे बघत होते. तिथली टपरी बंद होती.

मग ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "आज पाळी बाबारावची आहे." आत गेले आणि पेटी घेऊन आले. तिच्यावर फूल नव्हतं, कुंकू नव्हतं, पण धुळीचा कणही नव्हता. रस्त्याच्या कडेला, भाऊ उघडत तशीच त्यांनी ती उघडी टाकली. धूतवस्त्र खोचून चाकाचा नट सोडवला, चेन काढली, बसवली, ताण बघितला. एकेक पाना पुसून आपल्या खाचेत ठेवला. शेवटचा पाना पुसून झाला तरी ते तो पुसत राहिले.

"लाकूड चांगलं आहे ना?" मी म्हटलं.

"लाकूड साधं आहे," निताईदा म्हणाले. "हत्यारं चांगली आहेत. असा माणूस या दोन जिल्ह्यांत मला दुसरा दिसला नाही."

मग ते उठले आणि पूजेच्या फळीवरून लाँचचा पाना उचलला. आतून त्यांची बायको म्हणाली की आज हात लावायचा नसतो. "कामाला नाही नेत," ते म्हणाले, "भेटीला नेतो." त्यांनी माळ काढली आणि चिंधीने पान्यावरचा सिंदूर पुसला. बाबारावला ते चालत नसे.

पाना त्यांनी पेटीच्या मधोमध रिकाम्या जागेत ठेवला. आलापल्लीत कुठल्याच नटाला न बसलेला तो पाना तिथेही बसला नाही. खाच बोटभर लांब होती आणि रुंदीलाही चांगली ऐसपैस. निताईदांनी तो एका टोकाला सरकवून बघितला, मग दुसऱ्या. मग पांढऱ्या रेघेवरून बोट फिरवलं.

"त्याची नजर कधी चुकली नाही, सिस्टर," ते म्हणाले. "त्याला माझा पाना एवढा मोठा दिसत होता."

त्यांनी झाकण लावलं आणि मला म्हणाले, "जा, बर्फ वितळेल." मी गेले. बर्फ शिल्लक होता.

पाना अजून तिथेच आहे. निताईदा दर रविवारी पेटी पुसायला बाहेर काढतात. उचलली की आत तेवढा एक पाना खडखडतो. बाजूला चिंधी कोंबली तर आवाज बंद होईल हे त्यांना कळतं, पण ते चिंधी कोंबत नाहीत.