दाजींचे कान

दाजी गेल्याचं कार्ड साताऱ्याला माझ्या शाळेतच आलं. वाचून खिशात ठेवलं आणि फळ्यावरचं गणित पुरं केलं. त्याला आता दीड महिना होईल... पण त्यांना जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. सांगलीत बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचे. पेटीतली सुराची एकेक पितळी पट्टी कानाशी धरून कानशीनं हलकेच घासायचे. गावोगावचे भजनी त्यांच्याच दुकानात यायचे. अक्काचा आवाज गोड होता. लढाईच्या आधी एका कंपनीनं तिच्या ओव्या भरून घेतल्या. नमुन्याची एक तबकडी घरी आली, पुढं लढाई लागली आणि ती बाजारात आलीच नाही. दोन वर्षांत अक्काही तापानं गेली.

मी तेव्हा दाजींकडेच राहून सांगलीत मास्तरकी करत होतो. ग्रामोफोनचा साउंडबॉक्स, म्हणजे सुई बसवायचा तो गोल डबा, निकामी झाला होता. लढाई संपल्यावर मी मुंबईहून नवा आणला. आवाज कर्कश येई. दाजी म्हणाले, "नवा हाय, ताठ हाय. म्हैनाभर दुसऱ्या तबकड्या वाजवू. नरम झाला की मग हिची लावू." रोज दुपारी ते बाजारातल्या तबकड्या लावत, वापरलेली सुई तबकडी खरवडते म्हणून दर खेपेला नवी सुई घालत आणि मान कलती करून ऐकत. आज जरा मोकळा झाला, असं सांगत.

मग उसाच्या लागणीसाठी ते आठ दिवस आपल्या गावी, कुंडलला गेले. मला अक्काला ऐकायचं होतं, धीर धरवेना. नव्या सुया मोजक्याच उरल्या होत्या. एखादी कमी झाली तर त्यांच्या ध्यानात येईल म्हणून वापरलेलीच घातली. एकदा नाही, पाच-सहा वेळा ऐकलं. शेवटी शेवटी वरचा सूर लागला की वाळू घासल्यासारखं होऊ लागलं. तबकडी पुसून फडक्यात गुंडाळून ठेवली.

महिना भरल्यावर दाजींनी ती लावली. दोनदा ऐकली. मग मला विचारलं, "सदा, वरचा सूर फाटतोय का रं?"

"नाही दाजी, मला तर चांगला ऐकू येतोय."

सुई उचलून ठेवत ते म्हणाले, "मग माझंच कान गेलं."

त्यानंतर दुरुस्तीला आलेली पेटी ते परत पाठवू लागले. वर्षाच्या आत दुकान बंद करून ते कुंडलला गेले आणि माझी साताऱ्याला बदली झाली. दर दिवाळीला त्यांच्याकडे जायचो. दर खेपेला सांगायचं ठरवायचो, जेवून परत यायचो.

कार्ड आल्यावर कुंडलला गेलो तेव्हा त्यांचे धाकटे भाऊ गणपतराव देवळात बसले होते. ते सांगत होते, "दादा भजनाला यायचा, पर लांब बसायचा. पेटी वाजली की तोंड वाकडं करायचा. म्हणायचा, पेटी बरी असंल, मलाच वंगाळ ऐकू येतंय."

भजनी मंडळाची पेटी तिथंच होती. मी भाता हलवून एकेक पट्टी दाबत गेलो. मधला गंधार चांगलाच उतरलेला होता. माझ्यासारख्यालाही कळत होतं.

मग मी गणपतरावांना सगळं सांगितलं, सुईपासून. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मास्तर, मला सांगून आता काय व्हनार?"