दोरीचं शेवटचं टोक

दोरीला मागून तीन झटके आले.

मी होते तिथेच थांबले. कुही गावाच्या अलीकडची एक बंद पडलेली, पाण्यानं भरलेली गिट्टीखदान, म्हणजे दगडाची खाण, पाण्याखाली वीस फूट, सकाळचे साडेदहा. माझ्या दोरीला चार विद्यार्थी. दोन झटके म्हणजे 'सगळं ठीक'. तीन म्हणजे 'अडचण आहे, इकडे या'. हे मी आदल्या दिवशी फळ्यावर लिहून दिलं होतं आणि सकाळी काठावर प्रत्येकाकडून तोंडी घेतलं होतं. झटके स्पष्ट होते. सावकाश, सारख्या अंतरानं. घाबरलेला माणूस असा ओढत नाही, तो दोरी हिसकतो. हे तेव्हाच माझ्या मनात येऊन गेलं.

मी स्कूबा इन्स्ट्रक्टर आहे, नागपुरात. हे सांगितलं की लोक आधी हसतात. समुद्र कुठं, नागपूर कुठं! पण पहिल्या पायरीच्या सर्टिफिकेटसाठी थिअरी लागते, मग स्विमिंग पूलमधला सराव, आणि शेवटी उघड्या पाण्यात चार डाइव्ह. पहिले दोन भाग इथं सक्करदऱ्याच्या पूलवर उरकले, की सुट्टीत समुद्रावर जाऊन फक्त चार डाइव्ह करायच्या. सुट्टीचे दिवस वाचतात. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीतली आमची बॅच नेहमी भरते. दहा वर्षं अंदमानात शिकवून मी आईसाठी घरी परत आले, तेव्हा हे काम चालेल असं मलाही वाटलं नव्हतं.

पूल आणि धंदा राजूभाऊंचा. खदानीची कल्पनाही त्यांचीच. "समुद्रात गेल्यावर भेव नाही वाटलं पाहिजे मॅडम. एक डाइव्ह इथं मारून घ्या, मग लोकं बिनधास्त." मी सप्टेंबरात स्वतः खाली जाऊन बघून आले. वीस फुटांवर कातळाचा सपाट कट्टा, त्याच्यापुढे एकदम साठ फूट खोल. पण कट्टा मोठा होता, तळ साफ होता. मी हो म्हटलं.

त्या दिवशी सकाळी माझ्या असिस्टंटचा फोन आला, कानात इन्फेक्शन. कान दुखत असेल तर डायव्हर पाण्यात उतरत नाही, विषयच संपला. मी राजूभाऊंना फोन लावला.

"भाऊ, मागं सांभाळायला कोणी नाही. आज रद्द करू."

"परवा त्यांची फ्लाइट आहे मॅडम. काहून एवढं टेन्शन घेऊन राहिल्या? चार त माणसं आहेत. दोरी आहे ना?"

"दसऱ्यानंतर कोणी खाली जाऊन आलं का?"

"सप्टेंबरमध्ये तुम्हीच त गेल्या होत्या."

मी 'बरं' म्हटलं. ते 'बरं' माझं आहे. राजूभाऊंच्या डोक्यावर मी ते फोडणार नाही.

बॅचमध्ये एक नवं लग्न झालेलं जोडपं होतं, निखिल आणि पूजा. आणि दुसरं तीस वर्षांचा संसार झालेलं, अरुणभाऊ आणि मंदाताई. मंदाताई शाळेत क्लार्क. त्यांची मुलगी अंदमानात नोकरीला लागली होती, तिथं डायव्हिंग शिकली होती, आणि आई, तू एकदा माझ्यासोबत खाली ये, असा तिनं धोशा लावला होता. बावन्नाव्या वर्षी ही बाई आधी पोहायला शिकली, मग माझ्याकडे आली. चौघांत सगळ्यात शांत तीच. श्वास संथ, हालचाल कमी. पूलमध्ये उतरताना रोज पाण्याला हात लावून डोळ्यांना लावायची. पूलच्या पाण्याला, ज्याला क्लोरीनचा वास येतो! मला मनातून हसू यायचं.

गाडीत मात्र मला थोडं विचित्र वाटलं होतं. कुहीच्या रस्त्याला देऊळ आलं की गाडीतले सगळे हात एकदम वर जायचे. बोलणं चालू, खाणं चालू, आणि हात आपले कपाळाला. ड्रायव्हरसुद्धा दोन क्षण स्टिअरिंग सोडायचा. मी ओरडलेही त्याच्यावर. आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली, तेव्हापासून घरात ही सवय नाही. विहारात आम्ही हात जोडतो, पण बसून, ठरवून. माझे हात आपोआप वर जात नाहीत. त्यामुळे दुसऱ्याचे जातात, तेव्हा हातातलं सुटतं, ही गोष्ट मी सुरक्षेच्या सूचनांमध्ये कधी धरलीच नव्हती.

आता दोरीचं सांगते. पाणी गढूळ असलं की सगळ्यांनी एकाच दोरीला धरायचं. दोरीला पाच-पाच फुटांवर फास असतात, एकेकाचा हात एकेकात. मी पुढं. मी दोन झटके द्यायचे, शेवटच्या माणसानं दोन झटके परत द्यायचे. उत्तर शेवटून आलं म्हणजे मधले सगळे जागेवर आहेत. असिस्टंट नव्हता म्हणून शेवटच्या फासात मी सगळ्यात भरवशाचं माणूस ठेवलं. मंदाताईंना.

खाली गेलो तेव्हा जेमतेम पाच फुटांपर्यंत दिसत होतं. हिरवं पाणी, त्याच्या पलीकडे तपकिरी. कट्ट्यावर सगळ्यांना गुडघ्यावर बसवलं. डाव्या हाताला काहीतरी उभं असल्यासारखं वाटलं. खदानीत बाभळी बुडालेल्या असतात, मी बाभूळ समजले. मग निखिल आणि पूजाकडून मास्कमध्ये पाणी घेऊन ते काढायचा सराव करून घेतला. पूजाला दोनदा ठसका लागला, वेळ गेला. तेवढ्या वेळात मी दोरी तपासत होतेच. दोन झटके दिले, दोन परत आले. थोड्या वेळानं पुन्हा दिले, पुन्हा दोन आले.

आणि मग, मी काही विचारलेलं नसताना, ते तीन.

दोरी हातात धरून मी मागं सरकत गेले. पूजा ठीक. निखिल ठीक. अरुणभाऊंनी 'ओके'ची खूण केली आणि मागं बोट दाखवलं, तीसुद्धा ठीक आहे म्हणून. त्यांच्या मागं पाच फुटांवर अंधुक आकृती होती. उभी. एक हात वर केलेला. मंदाताईंना मी बसायला सांगितलं होतं, उभ्या का आहेत, म्हणून मी टॉर्च मारला.

ती देवी होती.

माझ्या उंचीची. अंगावरची माती निम्मी गेलेली, आतली भाताच्या तणसाची जुडी बाहेर आलेली, साडीचा लाल पदर पाण्यात हळूहळू हलत होता. चेहऱ्याचा रंग मात्र शाबूत. डोळे पूर्ण उघडे. उजवा हात आशीर्वादाला वर. डाव्या हाताची माती गळून नुसता बांबू उरला होता, आणि त्या बांबूच्या मनगटात माझ्या दोरीचा शेवटचा फास होता. नीट घातलेला. तिच्या मागं अंधारात आणखी चार-पाच उभ्या होत्या.

म्हणजे मी 'ठीक आहे का' असं विचारत होते ते हिला. आणि उत्तरं येत होती.

मला भीती वाटली. पंचवीस वर्षांत हजारो डाइव्ह झाल्या असतील, पण पाण्याखाली तशी भीती मला कधी वाटली नव्हती, आणि ती लपवून उपयोग नाही. माझा श्वास इतका वाढला की गेजचा काटा हलताना दिसला. गेज म्हणजे सिलिंडरमध्ये किती हवा उरली ते दाखवणारं घड्याळ.

नियम असा की माणूस दिसेनासा झाला तर एक मिनिट शोधायचं, मग वर जायचं. पण माझ्यामागं तीन नवखी माणसं. त्यांना सोडून लांब जाता येत नाही. आणि मंदाताई कुठल्या दिशेला, ते कळायला मार्ग नाही. पाण्यात आवाज फार वेगानं पोचतो, त्यामुळे तो कुठून आला ते कानाला कळत नाही. मला श्वासांची घरघर ऐकू येत होती, कितीतरी जणांची, चहूबाजूंनी. सगळ्यांना श्वास धरायला सांगून ऐकावं, तर तेही नाही. श्वास कधीही रोखायचा नाही, हा स्कूबाचा पहिला नियम, मीच शिकवलेला.

एक हात मी दोरीवर ठेवला. म्हणजे देवीच्या मनगटावरच. दुसऱ्या हातानं टॉर्च बंद केला. गढूळ पाण्यात टॉर्च मारला की गाळच चमकतो, पुढचं काही दिसत नाही. टॉर्च विझल्यावर वर बघितलं. वर उजेड होता. आणि त्या उजेडावर बुडबुड्यांची एक बारीक माळ चढताना दिसली. मूर्तींच्या मागून, कट्टा संपतो त्या बाजूनं.

दोरी न सोडता अंग लांब करून मी तिकडे पोचले. मंदाताई गुडघ्यांवर होत्या. हात जोडलेले. डोळे मिटलेले. पायांतल्या फिन्स कट्ट्याच्या कडेबाहेर, खाली साठ फूट. पाण्यात डोळे मिटले की माणूस एका जागी राहत नाही, सरकत जातो, आणि त्याला ते कळतही नाही. गाळ त्यांच्या गुडघ्यांखालून धुरासारखा खाली सांडत होता. मी त्यांच्या जॅकेटचा पट्टा धरला. त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं, आणि रेग्युलेटर, म्हणजे श्वासाची नळी, तोंडात असूनही त्या हसल्या.

त्यांना धरून मी सगळ्यांना वर आणलं. सगळं सामान काढून झाल्यावर अरुणभाऊंना कळलं, की मंदाताई दोरीवर नव्हत्याच.

"काहून वं, दोरी काहून सोडली?"

"सोडली नाही न जी. समोर देवी दिसली. हात जोडाले दोन्ही हात लागतात ना? दोरी खाली टाकली असती त हरपली असती. म्हणून तिच्याच हाती देली."

"देवीच्या हाती देली!"

"मंग? तिच्या हातातून सुटणार आहे का?"

अरुणभाऊ बायकोशेजारी दगडावर बसले. "मी त तिकडे पाहून ओके पण केलं मॅडम. तिनं हात वर केला होता. मले वाटलं, हीच आहे."  बायकोचा ओला हात त्यांनी घट्ट धरला.

"मंदाताई," मी विचारलं, "तीन झटके तुम्ही दिले?"

"मी? मी त डोळे मिटून होती."

"अरुणभाऊ?"

"मागूनच आले ना मॅडम. माह्या हातातून पुढं गेले."

दुसऱ्या दिवशी एक मित्र सोबत घेऊन मी पुन्हा खाली गेले. झोप लागली नव्हती. फास तसाच बांबूत अडकवला आणि दोन-दोन झटके देऊन बघितले. बांबू लवतो आणि परत सरळ होतो, त्यानं दोरी ओढली जाते. कधी एकदा, कधी दोनदा, कधी नुसती थरथर. त्या दोन्ही वेळचे दोन झटके असेच आले असणार, हे मला पटलं. मग मी दोरीला हात न लावता बराच वेळ तिच्यासमोर बसून राहिले. काहीही झालं नाही. पाणी स्थिर होतं.

राजूभाऊंसमोर रिपोर्ट लिहायला बसले.

"देवी-बिवी कशाले लिहिता मॅडम? 'विसर्जित वस्तू' लिहा."

"लिहिलं. आणि असिस्टंट नसताना उतरले, तळ पुन्हा तपासला नाही, ही चूक माझी, हेही लिहिलंय. खदान यापुढं बंद."

त्यांनी तोंड वाकडं केलं, पण वाद घातला नाही. कागद वाचत खाली आले. "हे काय? अडचणीचा संकेत कोणी दिला, हे रिकामंच आहे."

"माहीत नाही."

"मंदाताई लिहून टाका ना. कोण विचारून राहिलं?"

"त्यांनी नाही दिला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि कागद घडी करून फायलीत ठेवला. तो रकाना अजून तसाच आहे.

मंदाताईंना मी खदानीच्या डाइव्हचं काही सही करून दिलं नाही. अंदमानातल्या माझ्या जुन्या सहकाऱ्याला फोन करून सगळं खरं सांगितलं. त्यानं त्यांना चार दिवस हाताला धरून खाली नेलं. सर्टिफिकेट घेतल्याचा फोटो आला, आई आणि मुलगी, दोघींचे केस ओले. तो बघून मी पूलच्या ऑफिसात एकटी रडले.

आता बॅच उतरायच्या आधी मी दोन मिनिटं देते. ज्याला हात जोडायचेत त्यानं काठावरच जोडून घ्यावेत. पाण्याखाली कोणीही भेटलं तरी हात दोरीवर. लोक हसतात, मग माझं तोंड बघून थांबतात. आणि दोरीवरच्या उत्तराचा भरवसा मी सोडला. प्रत्येक खेपेला दोरी धरून शेवटपर्यंत जाते, शेवटच्या माणसाच्या मास्कला मास्क लावते आणि डोळ्यांत बघते. पापणी लवली, की मगच पुढं जाते.