नकलेची तारीख

लता गजभियेच्या सिंगापुरातल्या क्लेमेंटीच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये जेवणाचं टेबल एकच आहे, आणि त्याच्या पाऊण भागावर जुनं स्कॉटलंड पसरलेलं असतं. उरलेल्या पाव भागात तिघं मावत नाहीत. नवरा उत्तम ताट हातात घेऊन सोफ्यावर जातो. पंधरा वर्षांची राणी चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्याला कोपर लागू न देता भात कालवायला लहानपणीच शिकली आहे.

लता विद्यापीठात जुन्या स्कॉट्स भाषेच्या एका शब्दकोशासाठी काम करते. सगळं कॉम्प्युटरवर असतं, तरी ती हातानं चिठ्ठ्या लिहिते. वर शब्द, मध्ये ज्या वाक्यात तो सापडला ते वाक्य, खाली पुस्तकाचं नाव, तारीख, आणि कोपऱ्यात वाचणाऱ्याची आद्याक्षरं, ल. ग. पुरावा नाही तर अर्थ नाही, आणि तारीख नाही तर पुरावा नाही, एवढेच या धंद्याचे नियम.

दोन वर्षं ती एकाच क्रियापदावर बसली होती. थोल. स्कॉटलंडमध्ये पाच-सहाशे वर्षांपूर्वी उठता-बसता वापरात असलेला शब्द. दुखणं थोलायचं, उपासमार थोलायची, म्हणजे सोसायची. आरोपीनं खटला थोलायचा, म्हणजे पंचांपुढे उभं राहून निकाल लागेपर्यंत त्याला तोंड द्यायचं. आणि एखाद्याला काही करू थोलायचं, म्हणजे आपल्याला पटत नसलं तरी करू द्यायचं. हा शब्द घरातही शिरला होता. दूध उतू गेलं की उत्तम म्हणे, "थोला आता." राणीला वाय-फाय नसलं की लता म्हणे, "थोल जरा."

उत्तम रॅफल्स प्लेसच्या एका कंपनीत चौदा वर्षं सॉफ्टवेअर तपासायचं काम करत होता. सव्वा वर्षापूर्वी कंपनीनं त्याचा विभागच बंद केला. तेव्हापासून तो आणि राणी लताच्या पासवर, म्हणजे तिच्या कामाच्या परवान्यावर, या देशात आहेत. आधी लता त्याच्या पासवर होती. कागद उलटा झाला, घरही थोडं उलटं झालं. उत्तम स्वयंपाक करू लागला. झुणका तो चांगला करतो, पण पोळ्या त्याला लाटता येत नाहीत, म्हणून झुणक्याबरोबर फ्रीझरमधला प्राटा, म्हणजे इकडचा तयार पराठा, येतो. त्याबद्दल कुणी काही बोलत नाही.

लताचा पास सप्टेंबरअखेर संपणार होता. विद्यापीठानं तीन वर्षांची मुदतवाढ दिली तर नवा पास, नाही तर परत नागपूर. राणीची पुढच्या वर्षी ओ लेव्हलची, म्हणजे इथल्या दहावीची परीक्षा. हे तिघांनाही पाठ होतं.

मुदतवाढीसाठी हातात काही तरी नवं असावं लागतं, आणि ते लताकडे होतं. एका किनाऱ्यावरच्या छोट्या गावाच्या पंचसभेच्या नोंदी छापलेल्या होत्या. त्यात १४१२ सालच्या एका नोंदीत मॅरियन नावाची विधवा घराच्या वादात पंचांकडे आली होती, आणि पंचांनी तिला पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत थोलायला सांगितलं होतं. सोसायला नाही, निमूट वाट पाहायला. थोलचा हा 'थांबणे, वाट पाहणे' अर्थ लताच्या माहितीत त्यानंतर दीडशे वर्षांनीच कुठे दिसायचा. विभागप्रमुख डॉ. कोह यांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि म्हणाले, "लता, समितीपुढे हेच ठेवू." समिती शुक्रवारी दुपारी तीनला बसणार होती.

त्या आधीच्या रविवारी तिघं पुलाउ उबीन बेटावर सायकली चालवायला गेले. लताची मैत्रीण, पुण्याची स्मिता आणि तिचा नवरा शिरीष सोबत होते. बारा माणसं जमल्याशिवाय होडी सुटत नाही, आणि नऊच जमली होती.

"लता, खरं सांग," स्मिता टोपी सारखी करत म्हणाली, "तू नक्की करतेस काय गं? नागपूरची बाई, सिंगापुरात बसून, स्कॉटलंडचे मेलेले शब्द!"

"मेलेले असतील तर बरंच आहे," उत्तम म्हणाला. "जिवंत असते तर पगार मागितला असता."

"नाही पण, ह्याच्यावर पास मिळतो? शिरीषला दर वेळी इतके कागद द्यावे लागतात!"

लतानं गरज नसताना मॅरियनची सगळी गोष्ट सांगितली. १४१२ म्हणताना तिचा आवाज चढला.

"म्हणजे दीडशे वर्षं मागे नेलास शब्द!" स्मिता खरंच खूश झाली. "शुक्रवारी झालं की पार्टी हं. आणि प्राट्यावर भागवायचं नाही, उत्तमभावजी."

तिघं चिनी म्हातारे आले, बारा झाले, होडी सुटली.

गुरुवारी दुपारी लता ग्रंथसूची पुरी करत होती. संपादकाचं आडनाव बघायला तिनं त्या छापील पुस्तकाची पूर्ण फाईल पहिल्यांदाच उघडली. इतके दिवस तिच्याकडे फक्त नोंदींची पानं होती, पहिल्या पानापासून पुढची. प्रस्तावना त्यांत नव्हती. नव्या मुलांना ती पहिल्या दिवशी सांगत असे, आधी प्रस्तावना वाचा. स्वतः तिनं ती मागवलीच नव्हती, कारण मॅरियन पहिल्याच आठवड्यात सापडली आणि पुढे कशाचीच गरज वाटली नाही.

सहाव्या पानावर बारीक टायपात लिहिलं होतं. जुनी वही ओलीनं कुजली, म्हणून गावाच्या लेखनिकानं १५६७ साली ती उतरवून काढली. त्याचं स्वतःचं वाक्यही दिलं होतं. जिथं जुने शब्द आता लोकांना कळत नाहीत, तिथं मी आमचे घातले आहेत.

लतानं ते तीनदा वाचलं. मग मॅरियनची नोंद असलेल्या पानाची चिठ्ठी समोर घेतली. वाक्य १५६७ चं होतं, आणि तेव्हा हा अर्थ नवा राहिला नव्हता. १४१२ मध्ये मॅरियनला पंचांनी कोणत्या शब्दात थांबायला सांगितलं ते आता कुणालाच कळणार नव्हतं.

लताचे वडील नागपुरात तहसील कचेरीच्या नक्कल विभागात शिपाई म्हणून लागले आणि कारकून होऊन निवृत्त झाले. सातबारा, फेरफार, जन्माच्या नोंदी, आयुष्यभर त्यांनी नकलाच दिल्या. जातीच्या दाखल्यासाठी आजोबांच्या शाळेची नोंद शोधायला आलेली माणसं घरीही यायची. त्यांना चहा देता देता ते लहान लताला म्हणायचे, "बाई, नकलेला दोन तारखा असतात. एक वर असते, मूळ कागदाची. एक खाली असते, नक्कल केल्याची. खालची पाहिल्याबिगर वरची वाचायची नाही." ती सात वर्षांची होती तेव्हापासून तिला हे येत होतं.

संध्याकाळी जेवायला बसताना तिनं सांगितलं. आधी उत्तमला नीट कळलं नाही, मग कळलं. त्यानं हातातलं ताट टेबलावर ठेवलं, चिठ्ठ्यांवरच.

"कुणाला माहीत आहे?"

"मला."

"तुझ्याशिवाय?"

"नाही."

"ही प्रस्तावना कोणी वाचतं?"

"मीच नाही वाचली."

"मग सोमवारी पाठव न. मी काय लपव म्हणतोय? चूक सापडली, सोमवारी सापडली. चार दिवसांनी मॅरियनचं काय बिघडते?"

"समिती उद्या त्याच कागदावर बसणार आहे, उत्तम."

"मला माहीत आहे समिती कशावर बसते!" तो एवढ्या मोठ्यानं फार वर्षांत बोलला नव्हता. "चौदा वर्षं मी दुसऱ्यांच्या चुकाच शोधल्या. एक सोडली नाही. काय झालं? मलाच काढलं. मी सव्वा वर्ष थोलतो आहे, लता. तुला चार दिवस थोलवत नाहीत?"

राणीनं मोबाइल खाली ठेवला. "ममा, जस्ट सेंड मंडे ला. इट्स वन नंबर ओन्ली."

"राणी, तो नंबरच माझं काम आहे."

"अँड माय ओ लेव्हल?" राणी म्हणाली. मग तिला मराठीत सांगावंसं वाटलं. "माझं कोण बघणार?"

झुणका गार होत होता. उत्तमनं ताट उचललं तेव्हा एका चिठ्ठीवर तेलाचा गोल डाग उमटला होता. तिनं ती पुसायला घेतली, आणि पुसतानाही तिच्या मनात पहिला विचार हाच आला की ही चिठ्ठी आता पुन्हा लिहावी लागेल.

सकाळी राणी शाळेत गेली, जाताना बाय म्हणाली नाही. उत्तम खालच्या बाजारातून पालक घेऊन येतो म्हणून गेला आणि तासभर आला नाही. लता लॅपटॉपपुढे बसली. सोमवारचा विचार तिनं खरोखर केला. तो वाईट विचार नव्हता. सोमवारी पाठवलं असतं तर तिनं खोटं काही लिहिलं नसतं. फक्त शुक्रवारी तीन वाजता पाच माणसं एका टेबलाभोवती बसून तिचं नाव घेऊन १४१२ म्हणाली असती, आणि ती त्या वेळी इथं घरी बसून घड्याळ बघत असती. तिच्या डोळ्यांपुढे ते बघणं आलं. याहून मोठं असं काही कारण तिच्याजवळ नव्हतं.

पावणेदहाला तिनं डॉ. कोह यांना मेल पाठवली. चार ओळींची. खाली प्रस्तावनेचं पान जोडलं.

अकराला डॉ. कोह यांचा फोन आला. ते भल्या स्वभावाचे गृहस्थ आहेत, आवाज कधी चढवत नाहीत.

"सोमवारी पाठवता आलं नसतं?" त्यांनी विचारलं.

"माझा नवरा हेच म्हणाला."

"शहाणा माणूस आहे," ते म्हणाले. मग घसा साफ करून म्हणाले, "आता माझ्याकडे आलंय म्हणजे मला ते टेबलावर ठेवावं लागेल. तुला कळतंय ना?"

"कळतंय."

पाच वाजता मेल आली. कामाबद्दल समाधान, प्रामाणिकपणाबद्दल आभार. मात्र या टप्प्यावर मुदतवाढीची शिफारस करणं समितीला शक्य नाही. पास संपेपर्यंतच्या सात आठवड्यांत 'थोल' हा शब्द पूर्ण करून द्यावा.

उत्तमनं ती उभ्या उभ्या वाचली आणि मोबाइल परत दिला. "प्रामाणिकपणाबद्दल आभार," तो म्हणाला. "चूक तुझी, प्रामाणिकपणाही तुझा. आम्ही दोघं कशात आलो?"

शनिवारी स्मिताचा फोन आला. "काय मग, पार्टी कधी?" लतानं सांगितलं. स्मिता म्हणाली, "अगं पण तू कशाला आपणहून..." आणि वाक्य तिथंच सोडून तिनं शिरीषला कुकर बंद करायला सांगितलं. त्यानंतर तिचा फोन आलेला नाही. लताला त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं की स्मिताचं अर्धं वाक्य ती स्वतः रोज पुरं करत होती. आपणहून कशाला. प्रस्तावना पहिल्याच दिवशी वाचली असती तर मॅरियन सापडली नसती, आशा लागली नसती, दोन वर्षांत कदाचित दुसरं काही हाती आलं असतं. तिनं सोडलं ते सत्यासाठी सोडलं असं कुणी म्हणालं तर तिला हसू येतं. सोडायची वेळच तिच्या आळसानं आणली होती.

ती कामाला लागली. थोल, सोसणे. थोल, शिक्षा भोगणे. थोल, करू देणे. एकेक अर्थ, एकेक वाक्य, एकेक तारीख. मॅरियनची चिठ्ठी तिनं फाडली नाही. १४१२ वर एक रेघ मारून खाली १५६७ लिहिलं, आणि ती शेवटच्या गठ्ठ्यात तिच्या जागी लावली, दुसऱ्या दोन साध्या चिठ्ठ्यांच्या मध्ये. तिथं ती नजरेतही भरत नव्हती.

राणी चार दिवस तिच्याशी फक्त इंग्रजीत बोलली, तेही लागेल तेवढंच. पाचव्या दिवशी शाळेतून आल्यावर जेवताना तिनं विचारलं, "नागपूरच्या स्कूलमध्ये मराठी कम्पल्सरी असतं?"

"बहुतेक असतं."

"आय कान्ट इव्हन राइट माय नेम प्रॉपर्ली."

"मी शिकवीन."

"यू वॉन्ट हॅव टाइम," राणी म्हणाली. तिनं टेबलावरच्या गठ्ठ्याकडे बोट दाखवलं, कोपर मात्र सवयीनं दूर ठेवलं होतं.

त्याच संध्याकाळी नागपूरहून लताच्या भावाचा, प्रमोदचा फोन आला. राणीच्या प्रवेशासाठी तो दोन शाळांत जाऊन आला होता. उत्तमनं फोन स्पीकरवर टाकला, कारण त्याचे हात कणकेनं भरले होते. तो आता पोळ्या लाटायला शिकत होता.

"जयभीम, भावजी. ऐका, वर्षाच्या मधात आहे न, म्हणून ते अडून बसले," प्रमोद म्हणाला. "तिकडच्या शाळेचा सोडल्याचा दाखला पाहिजे, अन् जन्माचा दाखला."

"जन्माचा आहे आमच्याकडे. झेरॉक्स पाठवू?"

"नाही चालत. मूळ पाहिजे म्हणतात. नक्कल घेतच नाहीत ते."

उत्तमनं लताकडे पाहिलं आणि तो हसला, चार-पाच दिवसांत पहिल्यांदाच. लताला ते हसू आवडलं नाही. ती उठली, कपाटावरची निळी फाईल काढली आणि राणीचा जन्माचा दाखला शोधला. नागपूर महानगरपालिकेचा शिक्का होता, वर राणीच्या जन्माची तारीख होती. तिनं ती वाचली नाही. आधी कागदाच्या अगदी खाली पाहिलं.

"काय म्हणतो कागद?" उत्तमनं कणकेच्या हातांनीच विचारलं.

"ही नक्कल आहे," लता म्हणाली. "मूळ नागपुरात राहिलं असेल."

"म्हणजे जाऊनच शोधावं लागेल," उत्तम म्हणाला, आणि पुढची पोळी लाटायला घेतली.