वरच्या मजल्यावरचा उजेड

आयुष्यात मी सगळ्यात जास्त जळलो तो माझ्या थोरल्या भावाच्या इन्व्हर्टरवर. दादाकडे इन्व्हर्टर नव्हता.

पण ते मला नंतर कळलं. आधी आमचं घर समजून घ्या. जामबागेत आमचं दुमजली घर आहे. वर दादा-वहिनी, खाली मी आणि सुमन, म्हणजे माझी बायको. वाटण्या झाल्या तेव्हा आम्ही भाऊ फार शहाण्यासारखे वागलो. भांडी वाटली, खोल्या वाटल्या, गच्चीवरची पाण्याची टाकीसुद्धा मधे भिंत घालून वाटली. फक्त विजेचं मीटर वाटायचं राहून गेलं. जिन्याखाली एकच मीटर, एकच मेन स्विच आणि त्यावर दोन बिऱ्हाडं. हे तुम्ही लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

आम्ही मूळचे नांदेडकडचे, त्यामुळे भादव्यात आमच्याकडे महालक्ष्म्यांचा थाट असतो (पुण्याकडचे लोक त्यांना गौरी म्हणतात, म्हणू देत). चुली वेगळ्या झाल्यावर लक्ष्म्याही दोन ठिकाणी बसायला लागल्या. जुने पितळी मुखवटे थोरला म्हणून दादाकडे गेले. मी बेगमबाजारातून नवे आणले. नवेही देखणे आहेत, उगाच खोटं कशाला बोलू? पण हळदीकुंकवाला आलेल्या बायका खाली जरा टेकायच्या, "छान आहे हं" म्हणायच्या आणि वर जाऊन तासभर बसायच्या. सिकंदराबादहून आमची आत्या येते. तिचा शब्द खानदानात शेवटचा. ती दरवर्षी जिना उतरताना म्हणायची, "दादाच्या लक्ष्म्यांचं तेजच वेगळं बाई." हे वाक्य मी खाली तिच्या चपला शोधून देताना ऐकायचो. पोटात जे काही व्हायचं त्यावर ओवा चालत नाही, मी खाऊन पाहिलाय.

म्हणून त्या वर्षी ठरवलं. आत्याच्या तोंडून हे वाक्य खालच्या मजल्यावर वदवून घ्यायचं. मुखवटे जुने करता येत नाहीत, पण रोषणाई तर करता येते. मी लक्ष्म्यांच्या मागे फिरणारं कमळ लावलं, समोर कारंजं बसवलं आणि छतभर पिवळ्या बल्बांच्या माळा सोडल्या. एवढं झाल्यावर सुमन म्हणाली, "आणि लाइट गेली तर?"

प्रश्न बरोबर होता. आमच्या गल्लीत आभाळ नुसतं खाकरलं तरी लाइट जाते. मी दुसऱ्याच दिवशी अफझलगंजला जाऊन एका मंडपवाल्याकडून छोटा जनरेटर भाड्यानं आणला. मंडपवाला म्हणाला, "साब, मेन गिराके चलाना. भूलना नक्को." मी म्हटलं, हौ. नंतर व्हरांड्यात बसून एक वायर तयार केली. तिच्या दोन्ही टोकांना पिना. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं आमच्या स्वयंपाकघरातल्या प्लगमध्ये, की घरभर उजेड. कल्पना संपूर्ण माझी होती.

नेमका दादा जिन्यावरून उतरला. दादा रेल्वेत इलेक्ट्रिक खात्यात होता. निवृत्त होऊनही त्याची नजर वायरीवरच असते.

"हे काय करायलास?"

"वायर."

"दोन्हीकडून पिना? एक टोक प्लगमध्ये घातलंस की दुसऱ्या टोकाच्या पिनांत करंट. हात लागला तर संपलास. आमच्याकडे असली वायर सापडली की माणसाला घरी बसवायचे."

"मी घरीच बसलोय."

"फेकून दे ती," दादा म्हणाला. "मी उद्या चेंजओव्हर बसवून देतो. खटका वर केला की सरकारी लाइट, खाली केला की तुझ्या जनरेटरची. दोन्ही एकदम भेटायचीच नाहीत. आणि तेवढा दम नसेल तर एक्स्टेन्शन बोर्ड घे आणि माळा थेट जनरेटरवर लाव. घराच्या वायरिंगला हात लावू नको."

सल्ला सोन्यासारखा होता, म्हणूनच मला सोसला नाही. दादानं चेंजओव्हर बसवला असता तर आत्या काय म्हणाली असती? "दादानं केलं म्हणून उजेड पडला हो." म्हणजे माझी रोषणाई, माझा जनरेटर, आणि तेज पुन्हा दादाचं. मी म्हटलं, "फेकतो." आणि वायर तांदळाच्या डब्यामागे लपवली.

हळदीकुंकवाच्या संध्याकाळी घर बायकांनी भरलं. कमळ फिरत होतं, कारंजं उडत होतं. आत्या आली आणि चक्क खालीच बसली. कमळाकडे बघून म्हणाली, "अगं बाई, हे कुणी केलं?" मी विनयानं मान खाली घालणार, एवढ्यात आभाळ खाकरलं.

सगळी गल्ली अंधारात बुडाली. मला आनंद झाला, लपवत नाही. मी जिन्याखाली जाऊन मेन पाडला (मंडपवाल्याला शब्द दिला होता), वायर काढून दोन्ही टोकं जागच्या जागी खोवली, मागच्या अंगणात जाऊन जनरेटरची दोरी ओढली. यंत्र भडभडलं आणि खालचा मजला उजळला. बायका "अय्या" म्हणाल्या. मी अंगणातून दोन पावलं मागे सरून घराकडे डोळे भरून पाहिलं.

वरचा मजलाही उजळला होता.

मी डोळे चोळले. खिडकीत ट्यूब लख्ख, पंखा गरगर. गल्लीत मिट्ट काळोख आणि दादाकडे दिवाळी. मला एका क्षणात सगळं कळलं: यानं गुपचूप इन्व्हर्टर घेतला. मला चेंजओव्हरच्या गोष्टी सांगायला आला आणि स्वतः वर इन्व्हर्टर ठेवून बसला. सख्खा भाऊ! माझा अंगणात उभ्याउभ्या तीळपापड झाला.

तेवढ्यात सुमन मागच्या दारात आली. "अहो, कमळ हळू फिरायलंय."

"पेट्रोल कमी असेल," मी म्हणालो, आणि यंत्राचा खटका पुढे रेटला. यंत्र बोंबललं, धूर सगळा माझ्या तोंडावर. वर वहिनींनी मिक्सर लावल्याचा आवाज आला. खाली कारंजं गुडघे टेकून बसलं.

"अहो, आता कमळ थांबलं. आणि बायका वर चालल्या."

"का?"

"वर पंखा चांगला लागतोय म्हणे."

"आत्या?"

"त्या सगळ्यांच्या पुढे आहेत."

आता काय राहिलं होतं? त्याचा इन्व्हर्टर इतका दणकट की मिक्सरसुद्धा चालतो, आणि माझा जनरेटर एक कमळ फिरवताना धापा टाकतो. कोणत्या कंपनीचा आहे ते तरी बघावं म्हणून मी जिना चढलो. सुमनला बजावून गेलो, "यंत्राकडे लक्ष ठेव."

वर दादा पंख्याखाली शांतपणे पेढा खात होता. बायकांच्या मधोमध आत्या बसली होती. मी दारातूनच विचारलं, "कुठं ठेवलास?"

"काय?"

"इन्व्हर्टर. लपवतोस कशाला आता?"

"कसला इन्व्हर्टर? लाइट आली की."

"लाइट कुठं आली? खिडकीतून बघ. गल्ली काळी ठिक्कर पडलीय."

दादानं खिडकीतून पाहिलं. गल्ली पाहिली, मग डोक्यावरचा पंखा, मग माझं काजळलेलं तोंड. "मला वाटलं लाइट आली आणि तू आपला हौसेनं यंत्र चालवतोयस," तो सावकाश म्हणाला. "बाळ्या, ती वायर तू फेकलीस ना?"

मी पेढ्यांच्या ताटाकडे बघायला लागलो.

"मेन पाडलास?"

"पाडला की! आधी मेन पाडला, मगच चालू केला," मी छाती काढून म्हणालो.

"बरं झालं. नाहीतर तुझा करंट खांबावर जाऊन एखादा लाइनमन मेला असता. पण मेनच्या अलीकडे आपलं सगळं घर एकच आहे रे. मीटर एक आहे आपलं. हा पंखा, तो मिक्सर, फ्रिज, सगळं तुझ्यावर चाललंय. माझ्या ट्यूबा एलईडीच्या, पंखाही नव्या जातीचा, थोडक्या करंटवर भागतं. तुझी कमळं मरणार नाहीत तर काय?"

म्हणजे गेला अर्धा तास मी माझ्याच विजेवर जळत होतो. दादाकडे बायका ज्या वाऱ्याला बसल्या होत्या तो वारा माझा होता. ते मला नीट उमजायच्या आत दादाचा चेहरा बदलला. "लाइट यायच्या आत यंत्र बंद कर. आणि कुणी मेनला हात..."

बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले. गल्लीत कुणीतरी ओरडलं, "आ गई, आ गई!"

खाली सुमननं ते ऐकलं. लाइट आली की जिन्याखालचा मेन वर करायचा, हे ती लग्न झाल्यापासून करत आलीय. शिवाय तिलाही कमळ फिरायला हवं होतं. तिनं खटका वर केला.

मागच्या अंगणात असा बार उडाला की आत्याच्या हातातला कुंकवाचा करंडा वहिनींच्या साडीवर गेला. सरकारी लाइट आणि माझी लाइट एकमेकींना भेटल्या होत्या. दादा अनवाणी धावला. त्यानं मेन पाडला, सगळ्यांना अंगणातून मागे हाकललं आणि यंत्रातून निघालेल्या जाळावर तुळशीजवळच्या मातीची टोपली उपडी केली. कुणाला काही झालं नाही, महालक्ष्म्यांची कृपा. पण मेनचा फ्यूज उडाला, माळा गेल्या, कमळ कायमचं मिटलं. सगळी जामबाग लखलखत होती आणि तीत काळोखं घर एकच, आमचं.

सुमन रडवेली झाली. "मला काय माहीत? लाइट आली म्हणून वर केला."

"तुझी काही चूक नाही," दादा म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता हातावरची माती झटकायला लागला. बोलला असता तर बरं झालं असतं.

वहिनींनी वर समया लावल्या. जुने पितळी मुखवटे त्या उजेडात असे झळकले की मलासुद्धा हात जोडावे लागले. जाताना आत्या जिना उतरली. मी अंधारात चाचपडत तिच्या चपला शोधून दिल्या.

"दादाच्या लक्ष्म्यांचं तेजच वेगळं बाई," ती म्हणाली.

"आणि आमच्या?"

"खाली मला काही दिसलं नाही रे बाबा. तोंड दिसलं ते तुझं, आणि तेही काळं."

दुसऱ्या दिवशी दादानं जिन्याखाली आमच्या दोन्ही मजल्यांची वायर वेगळी करून घेतली आणि माझ्याकडे चेंजओव्हर बसवला. जनरेटर मंडपवाल्याला परत करताना मी जे ऐकून घेतलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. चेंजओव्हर मात्र फार छान आहे. फक्त त्याला जोडायला आता माझ्याकडे काही नाही.

यंदा महालक्ष्म्यांच्या संध्याकाळी पुन्हा लाइट गेली. वरचा मजला लख्ख उजळला. मी खालून ओरडलो, "दादा, आता कुणाच्या जिवावर?"

दादा खिडकीत आला. "इन्व्हर्टर घेतला रे. गेल्या वर्षी तुझ्या विजेवर घर इतकं छान दिसलं की तुझ्या वहिनीनं हट्टच धरला."

मी समईच्या उजेडात बसून वर बघत राहिलो. गेल्या वर्षी मी उगाच जळत होतो. यंदा रीतसर जळतोय.